परिषदेतलं शेवटचं मिनिट

नैरोबी, ४ ऑगस्ट

प्रिय वोइनशेतताई,

फोनवर आपल्या दोघींचं काय होतं ते तुला माहीत आहे. तू "बरं आहे" म्हणतेस, मी "बरं आहे" म्हणते, मग आई फोन घेते आणि तो कानापासून इतका लांब धरते की मला नुसती भांडी ऐकू येतात. म्हणून लिहिते. शाळेच्या कॉम्प्युटरवर सावकाश वाच.

नोव्हेंबरात मी येते आहे. अदिसमध्ये मोठी परिषद भरते आहे, धंद्यात आकडे कसे वापरायचे, आकड्यांवरून पुढचं कसं ओळखायचं, याची. बँकांचे, टेलिफोनचे, मोठ्या दुकानांचे लोक येणार. आमच्या कंपनीला वीस मिनिटं मिळाली आहेत आणि बोलायला मला पाठवतायत, कारण शहर माझं. असं वांजाला, म्हणजे आमचा साहेब, म्हणाला. ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसले. आनंद झाला असणार. बाबा गेल्यापासून मला स्वतःचं असं काही पटकन कळत नाही. दुसऱ्याने सांगितलं की कळतं.

कंपनी हॉटेल देते आहे. मला नको. मी घरीच झोपेन, बाबांच्या खोलीत. फाटक अजून हिरवंच आहे का? आणि मागचा पेरू?

तुझी
मेकलित

अदिस अबाबा, १७ ऑगस्ट

मेकलित,

तीन वर्षांनी बाईसाहेब येणार, तेही कंपनीच्या तिकिटावर. येतेस हे चांगलं झालं. आईला सांगितलं. तिने विचारलं, परिषदेत जेवायला देतात का. देत असतील म्हटलं. मग म्हणाली, तिकडचं खाऊन ती वाळली आहे, मी शिरोचं पीठ कांडून ठेवते.

घर आहे तसं आहे. फाटकाला पावसाच्या आधी रंग दिला. पेरू यंदा धरला नाही. आईचे गुडघे दुखतात, पण चालते. माझी शाळा चालू आहे, चौथीचा वर्ग, साठ मुलं.

हॉटेल मात्र सोडू नकोस. सगळीकडे रस्ते खणलेत. इकडून तुझ्या त्या सभागृहाला पोचायचं तर अर्धा दिवस मिनीबसमध्ये जाईल, आणि कपड्यांची वाट लागेल ती वेगळी. शहर तुला ओळखू यायचं नाही. चपलांच्या दुकानांची रांग गेली, तिथे आता कारंजं आहे. रुंद पदपथ, बाकं, रात्रभर दिवे. रविवारी लोक नटून येतात आणि फोटो काढतात. छान दिसतं. खोटं कशाला बोलू.

अशा परिषदेत तू नक्की काय सांगणार आहेस? आईला शेजाऱ्यांना सांगायचं असतं आणि मला धड सांगता येत नाही.

वोइनशेत

नैरोबी, २ सप्टेंबर

ताई,

आईला असं सांग. समजा एका माणसाला पिठाचं दुकान काढायचं आहे. कुठे काढावं? जिथे माणसं आहेत तिथे. पण माणसं हल्ली एका जागी राहत नाहीत. आमच्याकडे वेगवेगळे आकडे येतात. कुठल्या भागात फोनचे पैसे जास्त भरले जातात, कुठे रात्री दिवे वाढले, कुठे कमी झाले, वरून काढलेल्या चित्रांत कुठे नवी छपरं दिसतात. त्यावरून आम्ही सांगतो की पुढच्या वर्षी गिऱ्हाईक इथे नसेल, तिथे असेल. कोण माणूस ते कळत नाही. किती माणसं ते कळतं.

परवा वांजालासमोर तालीम केली. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाला, "बाई, सगळं बरोबर आहे. पण तू बसचे थांबे वाचून दाखवल्यासारखी बोलतेस. यात एखादी गोष्ट घाल. तुझ्या घराची घाल. लोकांना घर आवडतं." मी बघते म्हटलं. उद्घाटनाचा दिवस तुमच्याकडे टीव्हीवर दाखवणार आहेत आणि माझी वीस मिनिटं त्याच दिवशी आहेत, म्हणून तो जास्त काळजीत आहे.

हॉटेल मी नाही म्हणून कळवलं. घरीच येईन. चर्चच्या मागून आत शिरताना झेनेबाच्या दुकानात साबण घेऊन येईन, दर वेळी घेते तसा. झेनेबा आहे ना अजून?

मेकलित

अदिस अबाबा, १९ सप्टेंबर

मेकलित,

आपल्याकडच्या नव्या वर्षाच्या शुभेच्छा. मुली पिवळी फुलं घेऊन गात आल्या होत्या. सण नीट झाला. कोंबडं कापलं, मी आणि आई दोघीच होतो, दोन दिवस पुरलं.

सणाच्या दिवशी आई जरा बाहेर गेली होती, परत यायला उशीर झाला. आता बरी आहे. फोनवर तिला त्याबद्दल विचारू नकोस, तिला आवडत नाही.

झेनेबा आहे.

हॉटेल परत मिळतं का बघ. मी सांगते म्हणून तरी बघ.

वोइनशेत

नैरोबी, २१ सप्टेंबर

ताई,

आई त्या गल्लीत चाळीस वर्षं राहिली. डोळे बांधले तरी ती घरी येईल. तिला उशीर कशाने झाला?

मेकलित

अदिस अबाबा, ३० सप्टेंबर

मेकलित,

घर पाडलं. फेब्रुवारीत. आता लिहूनच टाकते.

आधी गल्लीत सरकारी माणसं येऊन भिंतींवर लाल रंगाने खुणा करून गेली. मग सभा झाली, मग वेळ फार थोडा राहिला. आम्हाला शहराच्या टोकाला, गव्हाच्या शेतांत उभ्या केलेल्या नव्या इमारतींपैकी एकीत चौथ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. ज्यांचं स्वतःचं घर होतं त्यांना मिळाल्या. भाड्याने राहणारे कुठे गेले ते गेले. घरमालकांनाही एकत्र ठेवलं नाही. चिठ्ठ्या निघाल्या, ज्याची जिथे निघाली तिथे. ट्रक आला त्या दिवशी आई दारात बसून होती. मी ट्रकवाल्याला पाणी दिलं. कपाट बसत नव्हतं, ते तिथेच ठेवलं. नंतर पाडायचं मशीन आलं तेव्हा आम्ही नव्हतो. मला वाटलं होतं रडू येईल. मी इकडे पडद्याच्या दांड्या ठोकत बसले होते.

तुला सांगितलं नाही, कारण बाबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला तू म्हणाली होतीस की निदान घर आहे. तेवढंच बोलली होतीस. पुढे मला सांगायला जमलंच नाही.

आई आठवड्यातून दोनदा दोन बस बदलून तिकडे जात असे. आपल्या गल्लीच्या जागी पत्र्याचं कुंपण आहे, आत मोठं हॉटेल होतंय. आपल्या गल्लीतली असेलेफेच मावशीही शहराच्या तिच्या टोकाकडून यायची. दोघी कुंपणाला टेकून बसायच्या. रखवालदार त्यांना काही म्हणायचा नाही.

सणाच्या दिवशी आई गेली तर कुंपण पुढे सरकवलेलं होतं, रस्त्याचं वळणही बदललेलं. असेलेफेच मावशी आली नव्हती. आई जागा शोधत फिरली आणि थकून फुटपाथवर बसली. कोणीतरी तिला पोलीस चौकीत नेलं. मी पोचले तेव्हा तो पोलीस, कोवळा पोरगाच, बाहेरगावचा, तिला विचारत होता.

"आजी, कुठे राहता?"

"तेफेराच्या घरी. चर्चच्या मागे, दुसरं फाटक."

"तिथे असं घर नाही, आजी."

आई बाबांचंच नाव सांगत राहिली, चिडली नाही. तिला वाटलं त्याला कमी ऐकू येतं. तिने पुन्हा हळूहळू सांगितलं, चर्चच्या मागे, दुसरं फाटक, हिरवं. त्याने पुन्हा सांगितलं की नाही. मी दारात उभी राहून हे दोनदा ऐकलं आणि मग आत गेले.

नवा पत्ता तिने कधी पाठ केला नाही. मीही तिला करायला लावला नाही.

म्हणून हॉटेल घे म्हणत होते. राग आला असेल तर येऊ दे.

वोइनशेत

नैरोबी, ६ ऑक्टोबर

ताई,

मला माहीत होतं.

माझं काम काय आहे ते तुला लिहिलं होतं. वरून काढलेली चित्रं दर महिन्याला येतात. शहराचे चौकोन पाडलेले असतात. प्रत्येक चौकोनावर आम्ही लिहितो, वस्ती, रिकामी जागा किंवा बांधकाम. मशीन लिहितं, माणूस तपासतो. अदिस मी तपासते. मार्चमध्ये आपला चौकोन माझ्यापुढे आला. मशीनने लिहिलं होतं, रिकामी जागा. मी मोठं करून पाहिलं. चर्चचं गोल छप्पर होतं. त्याच्या मागे माती होती. मी बरोबर अशी खूण केली आणि पुढचा चौकोन घेतला. त्या दिवशी मी नेहमीच्या वेळी जेवले. संध्याकाळी मैत्रिणीकडे बारसं होतं, तिथेही गेले. वाट बघत होते की आता काही होईल. काही झालं नाही.

मग तुला फाटकाबद्दल विचारलं. तू लिहिलंस, रंग दिला. ते वाचून इतकं बरं वाटलं की मग झेनेबाचंही विचारलं. तुला कोंडीत पकडायचं नव्हतं. तुझ्या पत्रात फाटक होतं, एवढंच.

अजून एक आहे. माझ्या भाषणातलं उदाहरण आपलीच गल्ली आहे. पडद्यावर नकाशा येतो आणि एक जाड बाण आपल्या चर्चपासून निघून तुमच्या त्या नव्या इमारतींवर जाऊन टेकतो. म्हणजे गिऱ्हाईक इथून तिथे गेलं. तो बाण मी काढला आहे. एका मोठ्या दुकानवाल्यांना तो फार आवडला. ते तुमच्या इमारतींखाली दुकान काढणार आहेत आणि परिषदेत पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्या बाणाच्या टोकाला तुम्ही असणार हे मला कळत होतं. कुठली इमारत ते कळत नव्हतं.

आईला सांग किंवा सांगू नको. मी येऊ नये असं वाटत असेल तर तसं लिही.

मेकलित

अदिस अबाबा, १९ ऑक्टोबर

मेकलित,

तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं आणि मग साठ वह्या तपासल्या. घरी जाताना बसमध्ये वाटलं, तुला एक ठेवून द्यावी. बस उतरेपर्यंत तेही गेलं. दोघी सारख्याच आहोत. तू तिकडे खूण केलीस, मी इकडे दांड्या ठोकल्या.

आईला सगळं सांगितलं, बाणासकट. तिला दोनदा सांगावं लागलं. मग तिने एकच विचारलं, "तिच्या मशीनला बाकीचे कुठे गेले ते माहीत आहे का?"

म्हटलं, किती गेले ते माहीत आहे, कोण गेले ते नाही.

"मग काय उपयोग," म्हणाली, आणि डाळ निवडायला बसली.

हे ती का विचारत होती ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. बुधवारी कळलं. असेलेफेच मावशी गेली. सणाच्या आधीच गेली, म्हणून त्या दिवशी आली नव्हती. मला बाजारात तिचा भाचा भेटला, त्याने सांगितलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पहिल्या मजल्यावर, मुलाच्या घरी. मुलाला कोणाला कळवावं ते समजेना. त्याच्याकडे जे दोन-तीन नंबर होते ते लागले नाहीत. माती द्यायला सात-आठ माणसं होती, त्यात दोन इमारतीतली, ओळख नसलेली.

आपल्या गल्लीत कोणी गेलं की पहाटे तुतारीवाला फिरायचा, आठवतं ना. सूर्य वर यायच्या आत गल्लीच्या मयत-मंडळाचा तंबू उभा, बाकं मांडलेली, बायका कांदे चिरायला बसलेल्या. बाबांच्या वेळी तुला विमानतळावरून आणायलाही मंडळातलाच माणूस आला होता. असेलेफेच मावशीने चाळीस वर्षं लोकांच्या घरी कांदे चिरले. आता तो तंबू कोणाकडे आहे हेही कोणाला माहीत नाही.

मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कधी?" मी सांगितलं. "म्हणजे मी कुंपणापाशी तिची वाट बघत होते तेव्हा ती मातीत होती." काल सकाळी माझ्यासाठी थांबून बसली होती. म्हणाली, मेकलित टीव्हीवर दिसणार आहे ना? सगळे टीव्ही बघतात. हल्ली दुसरं करायला काय आहे. तिला माईक मिळेल. तिला सांग, आपल्या गल्लीतल्या लोकांना उद्देशून बोल. बायुश कुठे राहते ते सांग, तेफेराची बायको. रविवारी दुपारी कॉफी असते, दार उघडं असतं, या म्हणावं.

मी म्हटलं, आई, ती धंद्याची परिषद आहे.

"हो, मग? गिऱ्हाईक कुठे आहे तेच सांगायला ती जाते ना."

तिने जसं सांगितलं तसं तुला लिहिते. जमणार नाही हे मलाही दिसतंय.

वोइनशेत

नैरोबी, २९ ऑक्टोबर

ताई,

असेलेफेच मावशीचं वाचून मी खुर्चीत बसून राहिले. तिने मला अंघोळ घातलेली आहे. मला तिचा चेहरा आठवला नाही, हात आठवले.

वांजालाला विचारलं. तो वाईट माणूस नाही. त्याने केबिनचं दार लावून सगळं ऐकलं. म्हणाला, त्याच्या आईचं गावही धरणाखाली गेलं, तो समजू शकतो. मग म्हणाला, "पण तिथे नाही, मेकलित. पहिल्या रांगेत आपलं गिऱ्हाईक बसलंय. त्यांना हे तक्रारीसारखं ऐकू येईल. तुझ्या शहरातल्या लोकांना तर त्याहून वेगळं ऐकू येईल, आणि पुढच्या वर्षी आपल्याला कोणी तिथे बोलावणार नाही." मी विचारलं, घराची गोष्ट घाल असं तूच म्हणाला होतास ना. तो म्हणाला, हो, पण तिचा शेवट चांगला असायला हवा.

मग मी म्हटलं की बाण तरी काढते. त्याने सांगितलं, बाण काढलास तर भाषण दुसरं कोणी करेल, बाणासकट.

चार दिवस मी यावर विचार करते आहे असं मला वाटत होतं. खरं तर मी नुसती कामावर जात होते, येत होते. शेवटी इतकंच लक्षात आलं की मी नाही गेले तर बाण दिसेल आणि नावं ऐकू येणार नाहीत. म्हणून मी जाते. एकोणीस मिनिटं त्यांची, बाणासकट, नीट बोलेन. शेवटचं मिनिट आईचं. माईक बंद करायला माणूस जागेवरून उठेपर्यंत एक मिनिट सहज निघून जातं, हे मी इतर परिषदांत पाहिलेलं आहे. नंतर ही नोकरी राहील असं वाटत नाही. तुमच्यावर काही आलं तर? ते मला कळत नाही. ते तू सांग. तू नको म्हणालीस तर मी एकोणीस मिनिटांवर थांबेन आणि खाली उतरेन.

काल न्हाणीघरात दार लावून त्या एका मिनिटाची तालीम केली. साबणाची वाटी हातातून निसटून पडली. आत सगळं शांतच होतं. वाटी उचलून पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

मला नावं हवी आहेत. आणि तुमच्या इमारतीचा नंबर. तो मला कोणी सांगितलेलाच नाही.

मेकलित

अदिस अबाबा, ७ नोव्हेंबर

मेकलित,

तू विचारलंस की आमच्यावर काही येईल का. मी शाळेतल्या बाईंना आडून विचारलं, चर्चमधल्या पाद्र्यांनाही. एक म्हणाल्या, काही होणार नाही. दुसरे म्हणाले, गप्प बसलेलं बरं. घरी येऊन आईला दोन्ही सांगितलं. म्हणाली, "मी चहाडी करत नाही, कोणाला शिव्या देत नाही. मी पत्ता सांगते आहे." तेव्हा बोल.

इमारत एकशे बेचाळीस, चौथा मजला, जिना चढल्यावर डावीकडे. रविवार, दुपार.

नावं आईने काल सांगितली, मी लिहून घेतली. गल्लीच्या तोंडापासून सुरुवात केली आणि घरं जशी होती तशी आत येत गेली. शिंपी देस्ता. अशागरे आणि त्याची आंधळी आई. हाज्जी सुरूर. झेनेबा, साबणवाली. तिचं मी तुला खोटं लिहिलं होतं, ती कुठे आहे आम्हाला माहीत नाही. गेब्रेयेस, ज्याच्याकडे तंबू असायचा. तिरुनेश आणि तिच्या तिघी मुली. मागच्या खोल्यांत भाड्याने राहणारे ते दोघे भाऊ, त्यांची नावं आईला येत नव्हती, ते सायकलवाले असं सांग, त्यांना कळेल.

असेलेफेच मावशीच्या घरापाशी आली तेव्हा मी पेन उचललं. म्हटलं, आई, हे सोडून पुढे जाऊ या. ती आता येणार नाही.

आईने नाही म्हटलं. मला वाटलं तिला समजलं नाही, म्हणून मी परत सांगायला लागले. तिने माझा हात धरून पेन कागदावर टेकवलं.

"तिचं नाव सगळ्यात आधी घ्यायला सांग," ती म्हणाली. "ती गेली हे अजून कोणालाच कळलेलं नाही."

वोइनशेत